फ्रॉइडचे तोंड, ॲनाचे हात

मनोविश्लेषणाचा जनक म्हणून सिग्मंड फ्रॉइडचे नाव सर्वतोमुखी आहे. मात्र आयुष्याची शेवटची सोळा वर्षे त्याने तोंडाच्या कर्करोगाशी झगडत काढली, हे फारसे सांगितले जात नाही. या काळात त्याचे बोलणे, जेवणे आणि काम करणे टिकून राहिले, त्यामागे शल्यविशारदाच्या कौशल्याइतकीच दररोज न चुकता होणारी तोंडाची निगा होती. ती निगा राखली त्याच्या धाकट्या मुलीने.

सिग्मंड फ्रॉइडचा सारा व्यवसायच बोलण्यावर उभा होता. रुग्णाने कोचावर पडून मनात येईल ते बोलत राहायचे, डॉक्टरने त्याच्या डोक्यामागे बसून ऐकायचे आणि मधूनच मोजके काही सांगायचे, अशी त्याची उपचारपद्धती. त्यात ना औषधाची बाटली, ना शस्त्र. योसेफ ब्रॉयर या त्याच्या ज्येष्ठ सहकाऱ्याकडे उपचार घेणाऱ्या एका तरुणीने या पद्धतीला बोलण्याचा उपचार असे नाव दिले आणि तेच पुढे रूढ झाले. हा उपचार जगभर पोहोचवणारा माणूस वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी वरचा जबडा आणि टाळूचा मोठा भाग गमावून बसला. त्यानंतर उच्चारलेला प्रत्येक शब्द त्याला तोंडात बसवलेल्या एका अवजड कृत्रिम टाळूच्या आधाराने उच्चारावा लागला.

व्हिएन्नाचा डॉक्टर

फ्रॉइडचा जन्म ६ मे १८५६ रोजी मोराव्हियातील फ्रायबर्ग या छोट्या गावी झाला. आज ते गाव चेक प्रजासत्ताकात असून प्रीबोर या नावाने ओळखले जाते. वडील याकोब लोकरीचा व्यापार करीत. सिग्मंड लहान असतानाच हे ज्यू कुटुंब व्हिएन्नाला आले आणि पुढची जवळजवळ अठ्ठ्याहत्तर वर्षे हेच शहर त्याचे घर झाले. १८७३ मध्ये त्याने व्हिएन्ना विद्यापीठात वैद्यकशास्त्राचे शिक्षण सुरू केले, १८८१ मध्ये पदवी मिळवली आणि पुढच्या वर्षी तो व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात रुजू झाला.

तेथे असताना, १८८४ मध्ये, त्याने कोकेनवर एक निबंध लिहिला. हे द्रव्य त्वचा आणि श्लेष्मल आवरण बधिर करते, याची नोंद त्यात होती. परंतु त्या गुणाचा शस्त्रक्रियेसाठी उपयोग करण्याचे श्रेय त्याचा सहकारी कार्ल कोलर याने घेतले. त्याच वर्षी कोलरने डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी कोकेन वापरून दाखवले आणि स्थानिक भुलीचे युग सुरू झाले. हाती आलेली कीर्ती निसटल्याची खंत फ्रॉइडला पुढे बराच काळ वाटत राहिली. एकोणचाळीस वर्षांनी त्याच्या स्वतःच्या जबड्यावर मोठी शस्त्रक्रिया झाली, ती अशाच स्थानिक भुलीखाली.

१८८५ मध्ये पॅरिसला शार्को या मज्जातंतुतज्ज्ञाच्या हाताखाली काही महिने शिकून आल्यावर त्याने व्हिएन्नात स्वतःचा व्यवसाय सुरू केला. १८८६ मध्ये मार्था बेर्नाइस हिच्याशी त्याचा विवाह झाला. १८९१ पासून बेर्गगासे १९ हा त्याचा पत्ता झाला. घर आणि दवाखाना दोन्ही तेथेच. ब्रॉयरसह लिहिलेला उन्मादावरील ग्रंथ १८९५ मध्ये आला आणि स्वप्नांच्या अर्थाविषयीचा गाजलेला ग्रंथ १८९९ च्या अखेरीस. सहा मुलांपैकी सर्वांत धाकटी ॲना. तिचा जन्म ३ डिसेंबर १८९५ चा.

दिवसाला वीस सिगार

फ्रॉइडला धूम्रपानाची सवय चोविसाव्या वर्षी लागली. सिगारेटपासून सुरुवात झाली, मग सिगार आले आणि दिवसाला सुमारे वीस सिगार हा त्याचा रतीबच होऊन बसला. वयाच्या चाळिशीच्या आसपास छातीत धडधड होऊ लागली, तेव्हा बर्लिनचा मित्र विल्हेल्म फ्लीस याने त्याला धूम्रपान सोडण्याचा सल्ला दिला. फ्रॉइडने ते सोडून पाहिले, पण त्याला ते जमले नाही. सिगारशिवाय काम होत नाही, अशी त्याची ठाम समजूत होती. माणसाच्या सवयींच्या मुळाशी काय असते याचा शोध घेण्यात आयुष्य घालवलेल्या या माणसाला स्वतःची ही सवय अखेरपर्यंत मोडता आली नाही.

फेब्रुवारी १९२३ मध्ये टाळू आणि जबड्याच्या उजव्या बाजूस त्याला एक चट्टा व गाठीसारखी वाढ जाणवली. तो स्वतः डॉक्टर होता. धूम्रपान करणाऱ्यांच्या तोंडात असे पांढरे चट्टे उठतात आणि त्यातले काही पुढे घातक ठरतात, हे त्याला ठाऊक होते. तरीही दोन महिने त्याने कोणाला काही सांगितले नाही. डॉक्टर सिगार बंद करायला लावतील, ही धास्ती त्यामागे होती. एप्रिलमध्ये फेलिक्स डॉइच या तरुण डॉक्टरने त्याचे तोंड तपासले. त्याला पाहताक्षणी कर्करोगाचा संशय आला, पण त्याने तसे सांगितले नाही. हा साधा चट्टा आहे, काढून टाकला की झाले, असे सांगून त्याने वेळ मारून नेली.

न वाजणारी घंटा

पुढे घडले ते रुग्णालयीन शुश्रूषेच्या इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखे आहे. एप्रिलच्या उत्तरार्धात फ्रॉइड घरी कोणालाही न सांगता मार्कुस हायेक या नाक-घसा तज्ज्ञाच्या बाह्यरुग्ण विभागात जाऊन दाखल झाला. किरकोळ शस्त्रक्रिया होईल आणि आपण घरी परतू, अशी त्याची कल्पना होती. शस्त्रक्रियेत अपेक्षेपेक्षा जास्त रक्त गेले. रात्री मुक्काम करावा लागेल, आवश्यक वस्तू घेऊन या, असा निरोप घरी गेला, तेव्हा कुठे मार्था आणि ॲनाला हा प्रकार कळला. त्या पोहोचल्या तेव्हा फ्रॉइड एका साध्या लाकडी खुर्चीवर बसलेला होता आणि त्याचे कपडे रक्ताने माखले होते.

रुग्णालयात स्वतंत्र खोली नव्हती. त्याला एका लहानशा खोलीत खाट देण्यात आली. तेथे आधीच एक मतिमंद, ठेंगणा रुग्ण होता. दुपारच्या वेळी नातेवाइकांना थांबता येणार नाही, असे सांगून तेथील परिचारिकेने मायलेकींना घरी पाठवले. त्या गेल्यावर फ्रॉइडच्या तोंडातून पुन्हा जोराचा रक्तस्राव सुरू झाला. त्याने उशाशी असलेली घंटा दाबली. ती बिघडलेली होती. तोंड रक्ताने भरलेले असल्याने त्याला हाक मारता येईना. त्या ठेंगण्या सोबत्याच्या हे लक्षात आले. त्याने धावत जाऊन माणसे बोलावून आणली आणि बऱ्याच प्रयत्नांनी रक्त थांबले. त्या क्षणी फ्रॉइडचा जीव वाचला तो शेजारच्या खाटेवरच्या रुग्णामुळे.

परत आल्यावर ॲनाला हे समजले आणि तिने घरी जाण्यास साफ नकार दिला. ती रात्र तिने वडिलांच्या खाटेशेजारी बसून काढली. रक्त गेल्याने आणि औषधांच्या अमलाने ते अर्धवट ग्लानीत होते. रात्री त्यांची प्रकृती पाहून ती आणि परिचारिका दोघीही घाबरल्या; पण बोलावणे धाडूनही निवासी डॉक्टर उठून आला नाही. दुसऱ्या दिवशी हायेकने विद्यार्थ्यांच्या घोळक्यापुढे आपला रुग्ण दाखवला आणि मग त्याला घरी सोडण्यात आले.

जिथे तोंडाचा रुग्ण असतो तिथे हाक ऐकणारे कोणी तरी जवळ असावे लागते, कारण हाक मारण्याचे साधनच आजारी असते. ॲना हा धडा त्या दिवशी शिकली आणि पुढील सोळा वर्षे विसरली नाही.

लपवलेले सत्य

काढलेल्या गाठीच्या तपासणीत कर्करोग असल्याचे स्पष्ट झाले होते. फ्रॉइडला मात्र ते सांगण्यात आले नाही. क्ष-किरण आणि रेडियमचे उपचार सुरू झाले, त्यांच्या वेदना प्रचंड होत्या. चिंतेचे कारण नाही, असेच त्याला सांगितले जात होते.

त्याच उन्हाळ्यात त्याच्यावर दुसरा घाव पडला. त्याची मुलगी सोफी १९२० मध्ये इन्फ्लुएंझाने दगावली होती. तिचा धाकटा मुलगा हाइनरले व्हिएन्नात नातेवाइकांकडे राहत होता. आजोबांच्या पहिल्या शस्त्रक्रियेच्या सुमारास या नातवाच्या गळ्यातील टॉन्सिल काढण्यात आले होते. दोघांची भेट झाली तेव्हा त्या चिमुरड्याने आजोबांना मोठ्या उत्सुकतेने विचारले, की मला आता पावाची कडा खाता येते, तुम्हाला येते का? जून १९२३ मध्ये साडेचार वर्षांचा हा मुलगा क्षयाने गेला. फ्रॉइडला रडताना कोणी पाहिल्याची आयुष्यातील ही एकमेव वेळ असल्याचे सांगतात. त्यानंतर कशातच आनंद वाटेनासा झाल्याचे त्याने पुढे अनेकांना कळवले.

ऑगस्टमध्ये इटलीतील सान क्रिस्तोफोरो येथे त्याचे निकटचे सहकारी जमले. डॉइचकडून त्यांना खरी हकिकत समजली. तरीही कोणी ती फ्रॉइडपर्यंत पोहोचवली नाही. सप्टेंबरमध्ये तो ॲनाला घेऊन रोमला निघाला. आगगाडीत न्याहारी करताना पावाच्या कडक कडेने जखम उघडली आणि त्याच्या तोंडातून रक्ताची धार लागली. काय ते दोघांनाही उमगले, पण रोमची सहल त्यांनी पूर्ण केली. आपल्यापासून सत्य लपवले गेले, हे कळल्यावर फ्रॉइड संतापला. आपला मृत्यू कसा असावा हे ठरवण्याचा अधिकार रुग्णाचा आहे आणि त्यासाठी सत्य त्याच्या हाती हवे, अशी त्याची भूमिका होती. डॉइचशी त्याचे मैत्र पुढे पुन्हा जुळले, पण डॉक्टर म्हणून त्याला दूर व्हावे लागले.

पिखलर आणि 'राक्षस'

आता सूत्रे हान्स पिखलर यांच्याकडे आली. शल्यविद्या आणि दंतवैद्यक या दोन्हींत तरबेज असलेल्या पिखलर यांनी पहिल्या महायुद्धात जबडा फुटलेल्या सैनिकांवर उपचार केले होते. ४ ऑक्टोबर १९२३ रोजी त्यांनी फ्रॉइडच्या मानेतील रक्तवाहिनी बांधून जबड्याखालील ग्रंथी काढल्या. आठवडाभरानंतरच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेत उजवीकडचा वरचा जबडा, टाळूचा मोठा भाग आणि खालच्या जबड्याचाही काही भाग काढला. काही दिवस नळीवाटे अन्न द्यावे लागले. नोव्हेंबरात आणखी एक संशयित भाग आढळला आणि पुन्हा शस्त्रक्रिया झाली. पुढील सोळा वर्षांत अशा तीसहून अधिक लहानमोठ्या शस्त्रक्रिया झाल्या. पिखलर यांनी प्रत्येक भेटीची बारकाईने नोंद ठेवली. त्या नोंदींमुळेच या आजाराची इतकी तपशीलवार हकिकत आज हाती आहे.

टाळू म्हणजे तोंड आणि नाक यांमधील पडदा. तो गेला, की घोटलेले पाणी नाकात चढते, घास नाकाच्या पोकळीत शिरतो आणि शब्द गेंगाणे, अस्पष्ट होतात. ही पोकळी बंद करण्यासाठी पिखलर यांनी दातांच्या कवळीला जोडलेला एक मोठा कृत्रिम टाळू तयार केला. घरात त्याचे नाव 'राक्षस' असे पडले आणि ते सार्थ होते. तो सैल बसला तर बोलणे-गिळणे अशक्य होई. घट्ट बसला तर खालचे मांस सोलवटून जखमा होत. जखमांमुळे काढून ठेवावा, तर काही वेळातच आजूबाजूचे मांस आक्रसे आणि तो पुन्हा बसेना. जबडा पुरता उघडत नसल्याने तो आत सरकवणे हेच एक दिव्य होते. एकदा बाप-लेक दोघांनी अर्धा तास खटपट केली, तरी तो बसला नाही. अखेर पिखलर यांच्याकडे धाव घ्यावी लागली.

चांगल्या कृत्रिम टाळूच्या शोधात फ्रॉइडने बरेच कष्ट घेतले. १९२८ पासून बर्लिनला श्रोडर या दंततज्ज्ञाकडे त्याच्या खेपा झाल्या. १९३१ मध्ये हार्वर्डचे काझांजियन व्हिएन्नाला आले होते. महायुद्धात त्यांनीही जबड्यांच्या जखमा दुरुस्त करून मोठे नाव मिळवले होते. त्यांनी सुमारे तीन आठवडे खपून नवे साचे तयार केले आणि त्याचे सहा हजार डॉलर मोजावे लागले. त्या वर्षांत ही रक्कम फार मोठी होती. सुधारणा झाली ती तात्पुरती. माणूस स्वतःला कृत्रिम अवयव जोडून देव बनू पाहतो, पण ते अवयव त्याच्या शरीराशी एकजीव झालेले नसतात आणि त्याला अधूनमधून छळतात, अशा आशयाचे विवेचन फ्रॉइडने संस्कृतीवरील ग्रंथात केले आहे. १९२९ च्या उन्हाळ्यात ते लिहिले जात होते, तेव्हा लेखकाच्या तोंडात 'राक्षस' होता.

एक करार

निरोगी माणसाचे तोंड बरेचसे स्वतःच स्वतःला स्वच्छ ठेवते. लाळ वाहते, जीभ फिरते, चावताना दात घासले जातात. हे थांबले, की अन्नाचे कण साचतात, आवरण कोरडे पडून चिरते, जंतू वाढतात, दुर्गंधी येते. फ्रॉइडच्या तोंडात तर किरणोपचारांनी भाजलेले आवरण, न भरणाऱ्या जखमा आणि नाकापर्यंत उघडी पोकळी होती. पेनिसिलिन वापरात येण्याआधीचा तो काळ. जखम चिघळू नये यासाठी हाती खात्रीचे साधन एकच होते, ते म्हणजे स्वच्छता. कृत्रिम टाळू काढायचा, तो धुवायचा, पोकळी साफ करायची, नवा चट्टा उठला आहे का ते पाहायचे, दुखऱ्या जागी ऑर्थोफॉर्म हे बधिर करणारे औषध लावायचे आणि टाळू पुन्हा जागेवर बसवायचा, हा क्रम रोजचा होता.

फ्रॉइडने या कामासाठी व्यावसायिक परिचारिका नेमली नाही. घरात पत्नी होती, मेहुणी होती. पण हे काम ॲनानेच करायचे, असे ठरले. सुरुवातीलाच दोघांत एक करार झाला, की या कामात भावनेचे प्रदर्शन करायचे नाही. शल्यविशारद ज्या अलिप्ततेने काम करतो, त्याच अलिप्ततेने सारे उरकायचे. हा करार दोघांनी अखेरपर्यंत पाळला. वरवर कठोर वाटणाऱ्या या अटीत शुश्रूषेचे मर्म होते. ज्याच्या तोंडात दुसऱ्याची बोटे जातात, त्याला दया नको असते, किळस तर नकोच असते. काळजी घेणाऱ्याच्या चेहऱ्यावर यांपैकी काहीही उमटले, की रुग्ण तोंड मिटून घेतो. अलिप्ततेमुळे फ्रॉइडला आपले तोंड मुलीपुढे उघडता आले.

याची किंमत ॲनाने दिली. १९२३ मध्ये ती सत्तावीस वर्षांची होती. शाळेतील शिक्षिकेची नोकरी सोडून ती नुकतीच मनोविश्लेषक झाली होती आणि काही काळ बर्लिनला जाऊन काम करण्याचा तिचा विचार होता. तो तिने सोडून दिला. तिने लग्न केले नाही. आपल्या आजारपणाने मुलीला बांधून ठेवले आहे, याची टोचणी फ्रॉइडलाही होती. पण तिच्यावाचून त्याचे चालत नव्हते, हेही तो जाणून होता. तरीही ॲना केवळ शुश्रूषा करणारी मुलगी राहिली नाही. बालमानसशास्त्रात तिने स्वतंत्र काम उभे केले आणि १९३६ मध्ये मनाच्या संरक्षक यंत्रणांवरील तिचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो आजही अभ्यासला जातो.

बापाच्या जागी बोलणारी मुलगी

२ जानेवारी १९२४ रोजी फ्रॉइडने पुन्हा रुग्ण तपासायला सुरुवात केली. दिवसाला सहा रुग्ण. बोलताना थकवा येई. शस्त्रक्रियांमुळे उजव्या कानाने ऐकू येणे जवळजवळ थांबले होते, म्हणून कोच आणि खुर्चीच्या जागा बदलण्यात आल्या आणि तो डाव्या कानाने रुग्णांचे बोलणे ऐकू लागला. चारचौघांत जेवणे त्याने टाळले. घास सांडेल, आवाज होईल याचा संकोच वाटे. सिगार मात्र सुटले नाहीत. जबडा उघडत नसे तेव्हा कपड्यांचा चिमटा दातांत घालून तो सिगारपुरती फट करीत असे, असे सांगितले जाते.

सभांतून बोलणे बंद झाले आणि ते काम ॲनाकडे आले. १९२५ मध्ये जर्मनीतील बाड होम्बुर्गच्या अधिवेशनात वडिलांचा निबंध तिने वाचला. १९३० मध्ये फ्रॉइडला फ्रँकफर्ट शहराचा गटे पुरस्कार मिळाला, तो तिनेच स्वीकारला आणि त्याचे भाषणही तिनेच वाचून दाखवले. त्याच वर्षी फ्रॉइडची आई पंचाण्णवाव्या वर्षी निवर्तली. अंत्यविधीलाही वडिलांच्या वतीने ॲनाच गेली.

१९२९ मध्ये माक्स शूर हे त्याचे डॉक्टर झाले. पहिल्याच भेटीत फ्रॉइडने दोन अटी घातल्या. नेहमी खरे सांगायचे आणि वेळ येईल तेव्हा विनाकारण यातना भोगू द्यायच्या नाहीत. शूर यांनी दोन्ही मान्य केल्या. वेदनांवर फ्रॉइड शक्यतो ॲस्पिरिनपलीकडे काही घेत नसे. औषधाच्या गुंगीत पडून राहण्यापेक्षा वेदना सोसत स्पष्ट विचार करणे त्याला पसंत होते. धर्माविषयीचे, संस्कृतीविषयीचे त्याचे महत्त्वाचे लेखन या काळातले आहे.

निर्वासित

१२ मार्च १९३८ रोजी जर्मन फौजा ऑस्ट्रियात शिरल्या. २२ मार्चला गेस्टापोने ॲनाला चौकशीसाठी नेले. तिने शूर यांच्याकडून घेतलेले विष सोबत ठेवले होते. दिवसभर फ्रॉइड घरात येरझाऱ्या घालत राहिला. संध्याकाळी ती सुखरूप परतली आणि व्हिएन्ना सोडण्याचा निर्णय पक्का झाला. ग्रीसची राजकन्या आणि फ्रॉइडची शिष्या मारी बोनापार्त हिने नाझींनी लादलेला कर भरला. ४ जूनला कुटुंब निघाले. ऐनवेळी शूर यांना अपेंडिक्सचा त्रास झाल्याने प्रवासात सोबतीला योसेफिने श्ट्रॉस ही तरुण बालरोगतज्ज्ञ आली. ६ जूनला सारे लंडनला पोहोचले. मागे राहिलेल्या फ्रॉइडच्या चार वृद्ध बहिणींना पुढे नाझींच्या छळछावण्यांत मृत्यू आला.

सप्टेंबरात रोगाने पुन्हा उचल खाल्ली. पिखलर विमानाने लंडनला आले आणि त्यांनी ८ सप्टेंबर १९३८ रोजी गाल चिरून मोठी शस्त्रक्रिया केली. महिनाअखेरीस कुटुंब २०, मेअर्सफील्ड गार्डन्स या घरात राहायला गेले. ७ डिसेंबरला बीबीसीचे लोक तेथे आले आणि त्यांनी फ्रॉइडचे एक लहानसे इंग्रजी निवेदन ध्वनिमुद्रित केले. त्याच्या आवाजाचे एवढेच मुद्रण आज उपलब्ध आहे. जड, ओढून काढलेले, पण कळणारे असे ते शब्द आहेत. पंधरा वर्षांच्या निगेचे ते श्राव्य प्रमाणपत्र म्हणता येईल.

अखेरचे महिने

१९३९ च्या आरंभी गाठ शस्त्रक्रियेपलीकडे गेल्याचे निदान झाले. किरणोपचारांनी काही काळ ढकलला. उन्हाळ्यात हाड सडू लागले, गालाला भोक पडले आणि त्याची दुर्गंधी कशानेही जाईना. लुन या लाडक्या कुत्रीला इंग्लंडच्या नियमांप्रमाणे सहा महिने विलग ठेवावे लागले होते आणि ती परतल्याचा फ्रॉइडला फार आनंद झाला होता. आता वासामुळे ती त्याच्याजवळ येईनाशी झाली, खोलीच्या कोपऱ्यात जाऊन बसू लागली. माश्या घोंघावत म्हणून खाटेवर मच्छरदाणी लावली गेली. बागेकडे उघडणाऱ्या अभ्यासिकेतच त्याची खाट मांडली होती. कुत्री दूर झाली, पण ॲना झाली नाही. रात्री अनेकदा उठून ती जखमेवर औषध लावीत असे.

शेवटचे पुस्तक त्याने वाचले ते बाल्झाकचे. आकसत जाणाऱ्या कातड्याची ही कादंबरी आपल्याला साजेशी असल्याचे त्याने शूर यांना सांगितले. २१ सप्टेंबरला त्याने दहा वर्षांपूर्वीच्या वचनाची आठवण करून दिली आणि ॲनाशी बोलण्यास सांगितले. ती प्रथम तयार होईना; मग तिने मान्य केले. शूर यांच्या लिखाणानुसार मॉर्फिन देण्यात आले. २३ सप्टेंबर १९३९ च्या पहाटे फ्रॉइडचा अंत झाला. ॲना त्यानंतरही १९८२ पर्यंत त्याच घरात राहिली आणि युद्धकाळात घरांना मुकलेल्या लहान मुलांसाठी तिने लंडनमध्ये पाळणाघरे चालवली. १९८६ मध्ये त्या घराचे संग्रहालय झाले.

खाटेशेजारचे काम

फ्रॉइडच्या आजाराची ही हकिकत आपल्याला परकी नाही. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतातील पुरुषांत ओठ आणि तोंडाचा कर्करोग हा सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे; तंबाखू, गुटखा, सुपारी ही त्याची ठळक कारणे. परळचे टाटा रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले, म्हणजे फ्रॉइडच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी. टाळू काढलेल्या रुग्णांना आजही कृत्रिम टाळू बसवला जातो. साहित्य हलके झाले, तत्त्व तेच राहिले. किरणोपचार आणि केमोथेरपी घेणाऱ्यांच्या तोंडाला फोड येतात, पाणीही आगीसारखे झोंबते, हे त्यांच्या घरच्यांना सांगावे लागत नाही.

तोंडाची निगा केवळ कर्करोगाच्या रुग्णांसाठी नाही. पक्षाघाताचा, व्हेंटिलेटरवरचा किंवा अंथरुणाला खिळलेला रुग्ण स्वतः चूळ भरू शकत नाही. त्याच्या तोंडातील जंतू लाळेबरोबर फुप्फुसात उतरले तर न्यूमोनिया होतो. जपानमधील अकरा नर्सिंग होममध्ये दोन वर्षे झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हे आकड्यांनी दिसले. ज्या वृद्धांचे दात जेवणानंतर काळजीवाहक घासून देत, त्यांच्यात न्यूमोनियाचे प्रमाण ११ टक्के होते. ज्यांना अशी मदत नव्हती त्यांच्यात १९ टक्के. अमेरिकेतील तज्ज्ञ संस्थांनी २०२२ मध्ये व्हेंटिलेटरवरील रुग्णांसाठी दररोज ब्रशने दात घासण्याची शिफारस केली. पूर्वी सर्रास वापरल्या जाणाऱ्या क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाची मात्र त्यासाठी आवश्यकता नसल्याचे सांगितले. मऊ ब्रश, थोडे पाणी, ओठांना लावायला काही स्निग्ध, आणि घाईत नसलेला माणूस. साधनांची यादी एवढीच.

आपल्या रुग्णालयांत हे काम बहुधा उशाशी बसलेल्या नातेवाइकाकडे येते आणि त्याला ते कोणी शिकवलेले नसते. रुग्णाने तोंड मिटले, की तो ओशाळून थांबतो. ॲना फ्रॉइडलाही हे कोणी शिकवले नव्हते. ती रोजच्या सरावाने शिकली. फ्रॉइडवर लिहिल्या गेलेल्या असंख्य ग्रंथांत तिच्या या कामाला चार-दोन परिच्छेदांहून जास्त जागा क्वचितच मिळते. पण त्या सोळा वर्षांतले त्याचे बोलणे आणि जेवणे रोज तिच्या हातून जात होते.